वहीत नाव कुणाचं?

तीन वर्षांमागची जयंती. कामथडीच्या फाट्यावर आम्ही फ्लेक्स लावला. वर बाबासाहेब, मध्ये हात जोडलेले आम्ही पाच कार्यकर्ते, आणि खाली ज्यानं फ्लेक्सचे पैसे दिले त्याची जाहिरात : नर्सिंग डिप्लोमा, नऊ महिने, नोकरीची शंभर टक्के हमी. पाचांतलं एक तोंड माझं. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेला धागा जोडतो. दहावी नापास. जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं, कविता लिहितो त्याही तशाच. पण आमच्याच फ्लेक्सची खालची ओळ मी वाचली नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीनं वाचली.

बारावी पास, कला शाखा. म्हणाली, दादा, तुमच्या फ्लेक्सवर आहे म्हणजे चांगलंच असणार. 55 हजार भरले. आईच्या कानातलं गेलं, माझा बोनस गेला. शहरात चपलांच्या दुकानावर दोन खोल्या, त्याचं नाव कॉलेज. एक प्लॅस्टिकचा बाहुला आणि एक बी.पी.चं मशीन. नऊ महिन्यांत पोरीनं एक बाळंतपण बघितलं नाही. मग सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, आणि एका खाजगी दवाखान्यात बारा तासांची पाळी. दिवसाला 350 रुपये. पेशंट सिस्टर म्हणायचे. मावशी आली नाही की फरशी पुसायला हीच सिस्टर.

पुढं जिल्हा परिषदेत आरोग्य सेविकांच्या जागा निघाल्या. हिनं अर्ज भरायला घेतला. एका रकान्यापाशी अडली. मला फोन केला, दादा, परिचर्या परिषदेचा माझा नोंदणी क्रमांक काय? मी मशीनवर होतो. कानावर खडखडाट होता म्हणून बरं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो क्रमांक तिला कुणी दिलाच नव्हता आणि त्या कागदावर मिळणारही नव्हता.

आता आमच्या आजीचं सांगतो. ती सुईण होती. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली. अडलेली बाई सोडवायला मध्यरात्री कंदील घेऊन तिला बोलवायला यायचे तेव्हा विटाळ नव्हता. बारा दिवस पोर न्हाऊ घातलं, बाळंतिणीचं अंग चोळलं, की तेच घर शेणानं सारवायचं, हिचा पाय लागला म्हणून. मजुरी म्हणून सुपात धान्य आणि जुनं लुगडं. जन्मलेल्या पोराचं नाव सरकारी वहीत लागलं. जिनं त्याला जगात आणलं तिचं नाव कुठल्याच वहीत नाही.

त्याच कामाची दुसरी गोष्ट बघा. 1909 साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, पांढरपेशा घरातल्या विधवा ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवल्या. त्या बायकांनीही शिव्या खाल्ल्या. त्यांचं धाडस मी कमी लेखत नाही. पण रक्त तेच, घाण तीच, हात धुवायचं पाणी तेच. एकीच्या कामाला शाळा मिळाली, पगार मिळाला. दुसरीच्या कामाला सूपभर जोंधळे. पुढं 1947 साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, 1966 साली महाराष्ट्राचा. नोंदवही आली. वहीत नाव असेल ती नर्स, नसेल ती मावशी, आया, दाई.

हे इथलंच दुखणं नाही. जमैकाची मेरी सीकोल, काळी बाई. आई औषधपाणी करायची, तिच्या हाताखाली शिकली. 1854 साली क्रिमियाच्या लढाईतल्या जखमींची सेवा करू द्या म्हणून लंडनला गेली. नकार मिळाला. मग पदरच्या पैशानं गेली आणि लढाईच्या मैदानाशेजारी ठाण मांडलं. त्याच लढाईतून नाइटिंगेलचं नाव जगभर झालं, 1860 साली तिच्या नावाची शाळा निघाली. हात दोघींचेही तयार होते. दार एकीलाच उघडलं.

म्हणून मी म्हणतो, नऊ महिन्यांची ही दुकानं नवं बलुतं आहे. जुन्या बलुत्यात निदान फी घेत नव्हते. इथं आपणच 55 हजार मोजून पोरीला परत बिननावाच्या कामाला लावतो आणि वर पेढे वाटतो. पेशंटचं अंग पुसणं, त्याला कूस बदलवणं हे काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचा छोटा कोर्स असतो, त्याला तेच नाव द्या आणि रीतसर पगार द्या. नर्स म्हणून विकू नका.

आता आपल्यातले काही शहाणे. ते म्हणतात, बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितलं, गलिच्छ कामं सोडा; मग पोरी पुन्हा हगणं-मुतणं काढायला का धाडता? दोस्तांनो, गुलामी रक्तात हात घालण्यात नव्हती. काम नाकारायचा हक्क नाही, मजुरी ठरवायचा हक्क नाही, नाव नाही, ही गुलामी. नीरा ओलांडली की शिरवळ, तिथून जवळच नायगाव. सावित्रीमाई तिथली. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्याच प्लेगनं 10 मार्चला गेली. तिला सांगा हे काम गलिच्छ आहे म्हणून. आणि 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेबच बोलले होते. बाळंतपण हा त्यांना चळवळीबाहेरचा विषय वाटला नाही. तुम्हाला वाटतो.

तेव्हा भाषण पुरे. बहीण, भाची, शेजारची पोर नर्सिंगला निघाली तर कार्यकर्त्यानं तिच्याबरोबर शाळेत जायचं आणि तोंडावर विचारायचं.

कोर्स किती वर्षांचा? एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. यापेक्षा कमी असेल तर उठून यायचं. एएनएमला कला शाखेची बारावी चालते, बीएस्सीला सायन्स लागतं. घरी बसून, फोनवर, नर्सिंग होत नाही.

मान्यता कुणाची? भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत शाळेचं नाव स्वतः बघा, चालू वर्षाचं. परीक्षा कोण घेतं? एएनएम, जीएनएमची राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. 'आमची आम्हीच घेतो' म्हणाले की समजा.

दवाखाना कुठला? तिथं जा. खाटा मोजा, खाटांवर माणसं आहेत का तेही मोजा. बाळंतपणं होतात का विचारा. बाहुल्याची नाळ कापून कुणी नर्स होत नाही.

पैशाची पावती देता का? महाडीबीटीवर कोर्सचं नाव आहे का? अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार आहे. मूळ दाखले ठेवून घेतो म्हणाले तर द्यायचे नाहीत.

आणि शेवटचं. दोन वर्षांमागं पास झालेल्या पोरी गाठा. त्यांना एकच विचारा, नोंदणी क्रमांक दाखव.

सरकारी शाळांचे अर्ज आधी भरा. ससूनला आहे, जिल्हा रुग्णालयांना जोडून आहेत. जागा कमी आहेत. मग त्या वाढवा म्हणून मोर्चा काढा ना! नामांतरासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांची पोरं आपण, आणि एका यादीत नाव बघायला आपल्याला वेळ नाही?

माझी बहीण आता सरकारी शाळेत एएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिनं पहिलं बाळंतपण केलं, शिकवणाऱ्या सिस्टर शेजारी उभ्या. रात्री फोन आला. म्हणाली, दादा, नाळ मी कापली, आणि वहीत माझी सही आहे.

मी तिची माफी मागितली नव्हती. ती या पानावर मागतो. आणि येत्या 14 एप्रिलला फाट्यावरच्या फ्लेक्सची खालची ओळ मी आधी वाचणार. जाहिरात तसल्याच दुकानाची असेल तर माझं तोंड त्यावर असणार नाही. फ्लेक्सही असणार नाही.

जय भीम.