दिवाळीची सुट्टी आणि दा नांगचा पाऊस

सध्या पुण्यात ज्याला भेटावं तो व्हिएतनामला निघालेला असतो. आणि व्हिएतनाम म्हटलं की दा नांग. समुद्राला लागून वसलेलं शहर, मी खे नावाची लांबलचक पुळण, वीकेंडला रात्री तोंडातून आग ओकणारा ड्रॅगनचा पूल, डोंगरावर दोन अवाढव्य हातांनी धरलेला सोनेरी पूल... फोटो बघून कोणालाही जावंसं वाटेल. मलाही वाटतंय. माझी तक्रार आहे ती कधी जायचं हे ठरवायच्या आपल्या पद्धतीबद्दल.

पद्धत अशी. आधी कंपनीच्या सुट्ट्यांची यादी उघडायची. दिवाळीला दोन-तीन रजा जोडल्या की नऊ दिवस मिळतात हे शोधायचं. मग त्या नऊ दिवसांत बसेल असा देश शोधायचा. समुद्राला कोणी विचारतच नाही!

आता जरा भूगोल. दा नांग व्हिएतनामच्या पूर्व किनाऱ्यावर, साधारण मध्यावर आहे आणि त्याच्या पाठीशी त्रुओंग सोन डोंगररांग आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला धडकतात, कोकण भिजतं आणि डोंगरामागचा आमचा खानदेश आभाळाकडे बघत बसतो. तिथे हाच खेळ उलट्या दिशेने आणि वेगळ्या महिन्यांत चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचे वारे समुद्रावरून येऊन डोंगराला धडकतात, त्यात चक्रीवादळांची भर. म्हणजे ऐन दिवाळीत. २०२५ ची दिवाळी २१ ऑक्टोबरच्या सुमाराला होती. त्याच महिन्याच्या शेवटी, दा नांगपासून शंभरेक किलोमीटरवरच्या ह्यू शहरात एका दिवसात १,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून होड्या चालल्या, माणसं गेली. आमच्या दोंडाईच्याकडे वर्षभरात ५००-६०० मिलिमीटर पडला तरी लोक पेढे वाटतील!

यावर मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं, "अरे, तेव्हा हॉटेलं स्वस्त असतात." बाबा रे, का असतात तेही वाच की.

तुम्ही पंचविशीत असाल, ग्रुपने जात असाल, तर खुशाल जा. पाऊस लागला तर हॉटेलात पत्ते खेळा, पुढल्या वर्षी परत जाल. पण आई-वडिलांना न्यायचं असेल तर? आमच्या घरी सध्या हाच विषय चालू आहे. आप्पांनी आयुष्यात समुद्र पाहिलाय तो गिरगाव चौपाटीवरून, अर्धा तास, तोही कोणाच्या तरी लग्नाला मुंबईला गेले होते म्हणून. आईचे गुडघे अजून साथ देतायत, किती वर्षं देतील सांगता येत नाही. ही ट्रिप बहुधा एकदाच होणार.

आणि शेतकऱ्याला दिवाळीत सुट्टी असते हे कोणी ठरवलं? तेव्हा कपाशी वेचणीला आलेली असते आणि मजुरांसाठी मारामार. मग बाजारात लाल मिरचीचे ढीग पडायला लागतात. त्यानंतर हरभरा, गहू. गहू घरात आला की मार्चअखेरीस कुठे आप्पांना निवांत बसायला मिळतं.

गंमत म्हणजे दा नांगचा कोरडा हंगामही तोच, फेब्रुवारी ते मे. (त्यांचं नवं वर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. तेवढं टाळायचं. सगळा देश गावी निघालेला असतो, आपल्या दिवाळीसारखाच.) एप्रिलमध्ये दोंडाईचा चाळिशी पार करून भाजत असतं, तेव्हा तिकडे तीस-बत्तीस अंश असतात. समुद्राचं पंचांग आणि शेताचं पंचांग छान जुळतंय. न जुळणारा एकटा मीच, कारण एप्रिल म्हणजे अप्रेझल!

दिवाळीची रजा मागताना आपल्याला काही वाटत नाही, सणच आहे. पण आई-वडिलांना समुद्र दाखवायला एप्रिलमध्ये आठ दिवस हवेत म्हटलं की आपण मनातल्या मनात माफीनामा लिहायला बसतो. का बरं? रजा आपल्या खात्यातलीच आहे. जानेवारीत सांगितलं तर कुठल्याही प्रोजेक्टला सोय करायला तीन महिने मिळतात. तरीही रिलीज अडणार असेल तर तो दोष रजेचा नव्हे.

बाकी गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरायचं. जेवणाची काळजीही वाटते तेवढी नाही. तिथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात (मागितला चहा आणि आलं जेवण, असं होऊ शकतं!). अनेक बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला शाकाहार पाळतात, त्यामुळे तशा खानावळी सापडतात. मात्र साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो, ते विचारून घ्यायचं. आणि आईसाठी खास म्हणजे ७० किलोमीटरवरचं मी सन. चौथ्या ते तेराव्या शतकात चाम राजांनी तिथे विटांची देवळं बांधली, बहुतेक शंकराची. अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात त्यातली बरीच पडली, पण उरली आहेत तीही बघण्यासारखी आहेत.

आप्पांचा आक्षेप मात्र कायम आहे, "समुंदर देखाले इतला लांब कसाले जावानं?" आईने पुढचं विचारायला सुरुवात केली आहे. विमानात कळण्याचं पीठ नेऊ देतात का?