वेग मोजायचा तर राउटरपाशी मोजा

व्यापारी माणूस माल घेताना वजन स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घेतो. सूत घेतले तर काट्यावर चढवतो, कापड घेतले तर मीटर लावतो. मात्र दरमहा ज्याचे बिल आपण मुकाट्याने भरतो, त्या इंटरनेटचे माप कोणी घेत नाही. घेतलेच तर चुकीच्या जागी घेतो.

आमचेच पाहा. आमचे घर वर आणि कारखाना खाली. जोडणी १०० एमबीपीएसची. खाली मोबाईलवर वेग तपासला की आकडा १८, फार तर २२. गिऱ्हाइकाला डिझाइनचे फोटो पाठवताना जीव मेटाकुटीला येई. सहा महिने आम्ही कंपनीशी भांडलो. तिचे एकच उत्तर, "तुमच्या वायफायचा दोष आहे." आम्हास ती टाळाटाळ वाटली. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या मुलाने राउटरवरच चाचणी लावून दाखवली. आकडा आला ९३. म्हणजे दोष आमचाच. मध्ये स्लॅब आणि लोखंडी जाळी. खाली केबल ओढून घेतली आणि काम भागले. (सहा महिन्यांत त्या कंपनीला आम्ही काय काय बोललो, ते येथे छापण्याजोगे नाही.)

पण पुढे पावसाळ्यात राउटरवरच आकडा ३१ वर आला. या वेळी आम्ही तारीख, वेळ आणि आकडा लिहून दिला. वायफायचे निमित्त चालले नाही. माणूस आला, बाहेरच्या तारेचा खराब झालेला सांधा बदलून गेला.

मोबाईलवरच्या आकड्यात दोन वाटा मिसळलेल्या असतात. एक कंपनीपासून राउटरपर्यंतची, दुसरी राउटरपासून आपल्या हातापर्यंतची. पैसे आपण पहिल्या वाटेचे देतो. म्हणून माप राउटरपाशी घ्यावे. राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून पासवर्ड दिला की राउटरचे पान उघडते. काही राउटरमध्ये वेगचाचणी तेथेच असते. नसेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा, वायफाय बंद करावे आणि मग तपासावे. घरातील बाकीची उपकरणे तेवढा वेळ थांबवावीत, नाहीतर मुलांचा व्हिडिओही त्याच मापात जातो.

आकडा वाचतानाही सावध असावे. एमबीपीएस हे बिटचे माप. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० च्या जोडणीवर फाईल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आतच उतरते, यात फसवणूक नाही. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असेल तर २०० ची योजना घेऊनही केबलवर ९५ च्या पुढे जाणार नाही. ते पैसे वाया. उलट वेगवान जोडणीवर स्वस्त राउटरचा प्रोसेसर चाचणीतच दमतो आणि आकडा कमी दाखवतो. तेथे केबलचा आकडा खरा धरावा. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चाचणी घेतली तर आकडा गोडच येतो. एखादा बाहेरचा सर्व्हरही निवडून पाहावा. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या गर्दीत एकदा तपासावे.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. पुष्कळ कंपन्या स्वतः दिलेल्या राउटरची पाने ग्राहकापासून कुलपात ठेवतात. आपल्या दुकानातील काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर दंड होतो. मग इंटरनेट विकणाऱ्याचा काटा ग्राहकाला दिसूही नये, हे कसे? जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. म्हणजे १०० सांगून ३ दिले तरी ते नावाला ब्रॉडबँडच! नवी जोडणी घेताना आपल्या बांधवांनी भाव करण्याआधी एवढे विचारावे: राउटरचा पासवर्ड आम्हाला देणार का, आणि त्यावरचा आकडा तक्रारीत मानणार का?