युद्धविरोध म्हणजे घरी बसणे नव्हे



‘युद्धकाळात शांतीची भाषा ही सुरक्षित घरात बसलेल्या ख्रिस्तभक्तांची चैन’ हे आपल्या अंकातील लेखाचे विधान वस्तुस्थितीला सोडून आहे. पहिल्या महायुद्धात शस्त्र नाकारणारे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे तरुण १९१४ पासून फ्रेंड्स अँब्युलन्स युनिटमधून फ्रान्स-बेल्जियममध्ये जखमींची सेवा करत होते. कॉर्डर कॅचपूल त्यांतलाच. १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती आल्यावर त्याने युनिट सोडले आणि तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी बळजबरीने फ्रान्सला नेलेल्या तीसहून अधिक ब्रिटिश युद्धविरोधकांना देहदंड सुनावला गेला. पुढे ती शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली गेली. याला चैन म्हणायचे?

अनेक चर्चनी आपापल्या सैन्याला आशीर्वाद दिले, हे खरे. म्हणूनच शस्त्र नाकारण्याची किंमत मोठी होती.

लेखातील ‘शत्रूला मदत’ हा आरोपही अर्धवट आहे. क्वेकरांनी जर्मनीतील उपाशी मुलांना जेवू घातले ते युद्ध थांबल्यावर. शिवाय त्यांची मदत केवळ जर्मनांसाठी नव्हती: फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट १९४२ मध्ये बंगालमध्ये आले आणि मेदिनीपूरच्या चक्रीवादळग्रस्तांसाठी राबले. क्वेकर संस्थांना १९४७ चे शांततेचे नोबेल मिळाले, त्याचा लेखात उल्लेखही नाही. ही दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, वसई