उंदीर दिसतो, भाडं घेणारा दिसत नाही

डॉक्युमेंटरी आणि समाजप्रबोधन हे शब्द एकत्र आले की जॉन ग्रिअरसनचं नाव येतंच. १९२६मध्ये फ्लाहर्टीच्या 'मोआना'बद्दल लिहिताना या स्कॉटिश माणसाने 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि तो रुळला. सिनेमाने लोकशाहीतल्या नागरिकाला शहाणं करावं, असं त्याचं म्हणणं. मान्य. पण कुणाच्या पैशाने? हेरिंग पकडणाऱ्या कोळ्यांवरचा त्याचा 'ड्रिफ्टर्स' (१९२९) सरकारच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाचा. त्याच्या युनिटचा 'नाइट मेल' (१९३६) पोस्टखात्याचा.

त्याच्याच चळवळीतल्या एल्टन आणि अ‍ॅन्स्टी यांचा 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' (१९३५) बघाच. लंडनच्या गरीब वस्तीतली माणसं आपल्याच पडक्या खोलीत उभी राहून ढेकणांबद्दल, उंदरांबद्दल बोलतात. गरिबाने स्वतःच्या तोंडाने पडद्यावर बोलणं तेव्हा नवं होतं. मग उपाय येतो: नवे फ्लॅट. पैसे गॅस कंपन्यांच्या संघटनेचे. नवे फ्लॅट म्हणजे नवी गॅस कनेक्शनं! अशा खोल्यांचं भाडं घेणाऱ्याला मात्र कॅमेऱ्यासमोर कुणी उभं केलं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिस्टिम पडली की नुसता एरर दाखवून आमची सुटका होत नाही, रूट कॉज लिहावं लागतं. कारण शोधायच्या आधीच कुणी स्वतःचं प्रॉडक्ट पुढे केलं, तर त्याला आम्ही सेल्समन म्हणतो.

"मग पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. ते पैसे नसते तर त्या भाडेकरूंचा आवाजही उरला नसता. म्हणून तो सिनेमा मी फेकून देणार नाही. पण 'सामाजिक हेतू' हे कॅरॅक्टर सर्टिफिकेट म्हणून स्वीकारणारही नाही.

मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरचा आनंद पटवर्धनांचा 'बॉम्बे: हमारा शहर' (१९८५) याच विषयाचा. तिथे झोपडीवाल्यांसोबत अधिकारी आणि सुखवस्तू मुंबईकरही बोलतात, आणि आपण ऐकताना अवघडतो. एक बाई तर शूटिंग करणाऱ्यांनाच सुनावते, की गरिबांचं चित्रण करून तुम्ही स्वतःचं नाव कमावता. पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही.

ओटीटीवर डॉक्युमेंटरी बघून डोळे भरून आले, की स्टोरी टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा. पैसे कुणाचे? आणि ज्याला विचारायला हवं होतं, त्याला विचारलंय का?