झपझप, भराभर आणि लवकर

परवा कॉलेजच्या फाटकाशी माझ्या कन्नड माध्यमातून आलेल्या मित्राने विचारले, "'झपझप' म्हणजे काय रे?" मी सांगून टाकले, "बेग." म्हणजे लवकर. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही.

'लवकर' हा वेळेचा हिशेब आहे, 'झपझप' हा चालण्याचा. एखादा लवकर निघूनही रेंगाळत जाईल आणि उशिरा निघालेला झपझप पावले टाकीत त्याला गाठील. 'घाईघाईने' म्हटले की जिवाची धांदल आली. झपझप चालणाऱ्याच्या मनात धांदल असेलच असे नाही; पायांत जोर मात्र असतो. शिवाय या शब्दांच्या क्रियापदांशी गाठी बांधलेल्या आहेत. आपण झपझप चालतो, गटागट पितो, सरसर झाडावर चढतो. झपझप पाणी कोणी पीत नाही. शेपूट बदलले तरी अर्थ बदलतो. 'पटकन' द्यायचे ते एक उत्तर, 'पटापट' द्यायची ती अनेक. व्याकरणात मात्र या साऱ्यांना 'अनुकरणदर्शक क्रियाविशेषण' अशी एकच चिठ्ठी लावून आपण मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी मित्रच म्हणाला, "आमच्यात 'बिरबिरने हेज्जे हाकिद' म्हणतात, तेच का हे?" अगदी तेच! हेज्जे म्हणजे पाऊल, हाकिद म्हणजे टाकले. 'गटगटने', 'सरसरने' यांना तर दुभाषीही नको. ज्या दोन भाषांवरून आपल्या सीमाभागात १९५६ पासून वाद चालला आहे, त्यांच्यात हे शब्द असे शेजाऱ्यासारखे नांदत आहेत.

कॉमर्सच्या मुलाला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. गेल्या सत्रात सरावाचे गणित करताना मी खतावणी भराभर उतरवली. तेरीज जुळेना, ९० रुपयांचा फरक. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोधावी, हे वर्गात शिकवले होते. तासभर शोधले, तेव्हा ५४० चे ४५० झालेले सापडले. सर म्हणाले, "हात झरझर चालू दे, पण भराभर उरकू नकोस." त्या एका वाक्याने मला दोन शब्दांतला फरक कोशापेक्षा चांगला कळला. 'भराभर'मध्ये बहुधा ढीग उपसण्याचा भाव असतो. किती झाले हे पाहायचे, कसे झाले हे नाही.

आज आपण 'फास्ट' चालतो, 'फास्ट' लिहितो, 'फास्ट' जेवतो. परका शब्द आला याचे मला दुःख नाही. आमच्या जमाखर्चाच्या बोलण्यात असे शब्द पुष्कळ आहेत. पण एकाच शब्दाने सगळी कामे उरकली, तर चपळ कोण आणि उतावळा कोण, हे सांगायचे कसे? मित्राला मी आता नवे उत्तर दिले आहे. तोंडाने नव्हे, फाटकापासून वर्गापर्यंत त्याच्या बरोबर झपझप चालून.