चिखलदऱ्याच्या घाटात जुनी सात सीटर: गाडी स्वस्त, पण दुरुस्तीचा हिशेब काय?

पावसाळा लागला की अमरावती, अकोला, अचलपूरहून गाड्यांची रांग चिखलदऱ्याकडे लागते. यातल्या बऱ्याच गाड्या सेकंड हँड सात सीटर असतात. आजी-आजोबा, मुलं, डबे, सगळं एकाच गाडीत मावतं. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी घेणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण अशी गाडी बहुतेक जण सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून घेतात, आणि तिची खरी परीक्षा परतवाड्याच्या पुढे सुरू होते.

घाट गाडीला काय करतो?

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्यापासून साधारण ७०० मीटरचा चढ आहे. माणसांसह दोन टन भरणारी गाडी तेवढं खाली उतरते तेव्हा सुमारे ४५ लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने ती रोखली नाही, तर मोठा भार ब्रेकवर येतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं जीवावर बेतू शकतं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर संपते.

कोणत्या गाडीत काय पाहाल?

मारुती ओम्नी, ईको: ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, ईको २०१० पासून बाजारात आहे. दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. मागून घरघर आली तर डिफरन्शियल, गाडी उचलताना खट्ट आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा. सरकत्या दाराची पट्टी आणि फ्लोअरचा गंज पाहा. सीएनजी असेल तर टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते विचारा.

अर्टिगा: २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीत १.३ लिटर डिझेल होतं. भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच झिजतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपत आलाय. खड्ड्यात पुढून खडखड आली तर लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड पाहा.

इनोव्हा: २००५ ते २०१६ मधल्या २.५ लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला तर इंजिनाचं मोठं नुकसान होतं.

टवेरा: शेवरलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. किंमत कमी दिसते, पण सुटे भाग कुठे आणि किती दिवसांत मिळतील ते आधी आपल्या मेकॅनिकला विचारा.

सगळ्यांसाठी एक तपासणी: इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत गंजाळलेलं पाणी दिसलं, तर मालकाने कूलंट टाकलेलं नाही. चिखलदऱ्याच्या उंचीवर साधं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. घाटात गाडी गरम झाली की हेड गॅस्केट जातं.

खर्च किती धरायचा?

बाहेरच्या गॅरेजचे हे ढोबळ आकडे आहेत, गाव आणि पार्टच्या कंपनीप्रमाणे बदलतील. समजा ४ लाखांची जुनी इनोव्हा घेतली:

- क्लच सेट: १८ हजार
- चार टायर: २४ हजार
- टायमिंग बेल्ट: १० हजार
- पुढचं सस्पेन्शन: ८ हजार
- ब्रेक पॅड आणि ऑइल: ५ हजार

एकूण ६५ हजार, म्हणजे किमतीच्या १६ टक्के. हे सगळं एकाच वर्षी निघेलच असं नाही. पण तेवढी रक्कम हाताशी नसेल, तर एक पायरी छोटी गाडी बघा. यादीतला सर्वात छोटा आकडा ब्रेकचा आहे, पहिला खर्च तोच करा. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतर.

कागद कच्चे ठेवू नका

विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला मालकी बदल कळवायचा असतो. फॉर्म २९ आणि ३० भरा. कर्ज असेल तर बोजा उतरवून घ्या. विमाही आपल्या नावावर करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की, अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते. त्यामुळे 'नाव नंतर करू' हे विकणाऱ्यालाही महागात पडतं.

नियमातली मोठी फट

टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी करावी लागते. आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर दरवर्षी. खासगी गाडीला मात्र पहिली १५ वर्षं फक्त पीयूसी पुरते. ती धूर मोजते, ब्रेक नाही. म्हणजे १२ वर्षं जुनी, तीन मालक बदललेली सात सीटर ब्रेकची एकही सक्तीची तपासणी न होता सात जणांना घेऊन घाट उतरू शकते.

निदान मालकी बदलताना तरी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरची तपासणी सक्तीची व्हायला हवी. फॉर्म भरून घेणाऱ्या आरटीओला हे अशक्य नाही. तोपर्यंत ही तपासणी आपणच करायची. सौदा ठरवण्याआधी ओळखीचा मेकॅनिक सोबत घ्या. तो आधी ब्रेक बघेल, मग गाडी घाटात न्या. विकणारा घाटात यायला तयार नसेल, तर गाडी सोडून द्या.