डागावर लिंबू चोळू नका

आपल्या श्रीगोंदा तालुक्यात उसाबरोबर नाव घ्यावे ते लिंबाचे. हस्त बहराची लिंबे ऐन उन्हाळ्यात येतात, भावही तेव्हाच चढा असतो, आणि बागेत तोडणीला, निवडणीला आपल्या कष्टकरी मायबहिणी असतात. यांपैकी कोणाच्या मनगटावर, कोणाच्या गळ्यापाशी काळपट चट्टे उठतात. कोणी म्हणते उष्णता, कोणी म्हणते रक्त बिघडले. कारण मात्र हातातच असते. लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, असे द्रव्य आहे की ते अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते. त्या वेळी काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी आग होते, लाली येते, कधी फोडही येतात, आणि ते बसले की मागे काळा डाग राहतो. रस ओघळला असेल तशाच आकाराचा डाग उमटतो. लिंबाच्या हाताने उचललेल्या पोराच्या अंगावर बोटांचे वळ उठले आणि डॉक्टरांना मारहाणीचा संशय आला, अशीही उदाहरणे घडलेली आहेत.

म्हणून काम करताना लांब बाह्यांचा जुना शर्ट घालावा आणि रस लागला की साबणाने लगेच धुवावे. पडलेला डाग काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, आपोआप फिका होतो. पण आपल्याकडे उलटेच चालते. डाग घालवायला म्हणून लिंबाची फोड चोळायची आणि तशीच उन्हात धुणे वाळत घालायला जायचे!

गालावर, नाकावर, कपाळावर पसरतो तो वांग. गरोदरपणात किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी तो येतो, उन्हाने वाढतो. बाळंतपणानंतर पुष्कळदा कमी होतो. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, नर्सबाईंना विचारून दुसरे साधन घ्या. डोक्यावरून पदर घेणे हाही यावर औषधाइतकाच उपाय आहे.

मान आणि काख काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली तर तो मळ नव्हे. दगडाने घासून ती जात नाही. अंगात साखरेचे काम बिघडू लागल्याची ती खूण असू शकते. जाड अंगाच्या मुलामुलींत असे दिसले तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. वजन उतरले की मानही उजळते.

आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. पण मेडिकलच्या काउंटरवर 'डागाचे मलम द्या' म्हणून उभ्या असलेल्या बाया पाहिल्या की राहवत नाही. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून मैत्रिणीलाही सांगितले जाते. पुढे कातडी पातळ होते, पुरळ येते, लव वाढते आणि मलम थांबवले की डाग पहिल्यापेक्षा गडद. गजकर्णावर तेच लावले तर गजकर्ण अंगभर पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी विक्री थांबलेली नाही.

गोरेपणाच्या क्रीमची गोष्ट तर याहून वाईट. अकोल्याची एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ साली आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. क्रीम ब्युटी पार्लरमधून घेतलेले होते. आणि पोरींना त्याची गरज का वाटते? आपल्याच समाजाच्या वधू-वर जाहिरातीत 'गोरी, सुंदर' असे लिहून येते, म्हणून. हे आपल्याला शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक चट्टा मात्र वेगळा. रंग फिका किंवा लालसर, आणि तिथे स्पर्श कळत नाही, असा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

डाग अचानक वाढला, खाज सुटली, त्यातून रक्त आले तर गावातल्या सल्ल्यावर राहू नका. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत आहेत. आधी श्रीगोंद्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, तिथून चिठ्ठी मिळाली तर नगरला जावे. जाताना आजवर लावलेल्या मलमाची ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी.